आक्कांना वगळून निवडलेलं गाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, लेकीला नाही — देवापुढे हात जोडून बसते तेव्हासुद्धा नाही. देवापुढे मी बारीकसारीक चुका कबूल करते आणि तेवढ्यावर भागवते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या भाजी घेताना समोरून येणार नाही.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला उगाच माझ्याबद्दल बरं वाटायला नको. माहेर साताऱ्याचं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त होऊन सांगलीत राहते. सासर तासगावकडचं — द्राक्षबागा, बेदाण्याच्या शेड, दारात ट्रॅक्टर. लग्न ठरलं तेव्हा साताऱ्याच्या मैत्रिणी म्हणाल्या, शैला, तू आणि खेडं? मी म्हणाले, छे गं, आम्ही सांगलीत राहणार. हे वाक्य मी पुढे आयुष्यभर म्हणत आले.

आता युरोपचं. आमच्या सांगलीतल्या बायका हल्ली युरोपला जाऊन येतात. जाऊन येतात म्हणजे काय — बसमधून उतरतात, फोटो काढतात, बसमध्ये चढतात. दहा दिवसांत सात देश आणि अर्ध्या बॅगेत चकल्या. वर म्हणतात, "आम्ही युरोप केलं." केलं! दिवाळीचं फराळाचं करतात तसं. एकीला मी विचारलं, तो बर्फाचा डोंगर कुठला गं? तर म्हणते कशी, "नाव नाही बाई लक्षात, पण वर कांदेपोहे अगदी गरम मिळाले." कप्पाळ माझं! ह्या बायकांची मला किळस यायची — हो, किळसच. मी तीस वर्षं नकाशावर छडी ठेवून ते डोंगर शिकवले, आणि बघून कोण येतं? कांदेपोहेवाली.

तेव्हा आमच्या तेजूचा फोन आला आणि मी फुगले. तेजू आमची एकुलती एक, जर्मनीत नोकरीला. चार वर्षांत घरी आली नव्हती. म्हणाली, "आई, यंदा तुम्हीच या. पळापळ नको. समुद्राकाठचं एखादं गोड गाव बघू आणि आठ दिवस तिथंच राहू. तू भूगोलाची, तूच निवड." वर एवढंच म्हणाली — "आणि मोठ्याईला आणायचंच हं. त्याशिवाय मजा नाही."

पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं मी ऐकून बाजूला ठेवलं.

मोठ्याई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना आक्का म्हणते. तेजू दीड वर्षाची होती तेव्हा माझी बदली पाटणच्या शाळेत झाली, हे नोकरीला कोल्हापूरला. तेजूला गावी आक्कांकडे ठेवलं. अडीच वर्षं. आक्कांचा स्वतःचा मुलगा तेव्हा शाळेत जायला लागला होता. बागेतलं काम उरकून त्या माझ्या मुलीला अंघोळ घालायच्या, भरवायच्या, पाठीशी बांधून शेडवर न्यायच्या. ती मला "आई" म्हणायची आणि आक्कांना "मोठ्याई". महिन्यातून एकदा मी जायचे, तेव्हा मला बघून ती त्यांच्या पदराआड लपायची. हे मी का सांगतेय? कारण तुम्ही लगेच म्हणाल — मत्सर. बाईला मत्सर वाटला. नाही हो. मत्सर असता तर निदान लेकीवरच्या मायेपोटी केलं असं तरी म्हणता आलं असतं. माझं कारण त्याहून फार हलकं होतं. ते पुढे येईल.

तर मी गाव निवडायला बसले. वही केली. रकाने पाडले. दोन महिने रोज सकाळी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसायचे आणि गावं नापास करायचे. पोर्तुगालचं एक होतं — पाणी थंडगार, शिवाय फोटोत सगळीकडे मासळी सुकत घातलेली. ते बघायला मालवणला गेलं की झालं. ग्रीसचं एक बेट होतं, पांढऱ्या भिंती, निळी दारं — पण ते चित्र आमच्याकडे हळदीकुंकवाला वाटलेल्या डब्यांवरसुद्धा छापलेलं असतं! ते कसं चालेल मला? शेवटी इटलीतलं एक सापडलं. नाव सांगत नाही. छोटं बंदर, पिवळी आणि केशरी घरं, मागे उभा डोंगर, डोंगरावर द्राक्षांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा. आणि मुख्य म्हणजे — मोठी बस गावात जात नाही. बस जात नाही म्हणजे आपली माणसं जात नाहीत. मी त्या गावासमोर वहीत तांबड्या पेनानं बरोबरची खूण केली.

मनात एक चित्र होतं. बंदरावर टेबल, समोर कॉफी, अंगावर पांढरा सुती कुडता, डोक्यावर रुंद काठाची टोपी. मी समुद्राकडे बघतेय. मला कुणी ओळखत नाही. मी सांगलीची नाही, तासगावची तर मुळीच नाही. आणि त्या चित्रात, शेजारच्या खुर्चीवर, आक्का बसवून बघितल्या मी. डोक्यावर पदर. दंडापर्यंत हिरव्या गोंदणाच्या खुणा. सकाळी मिश्री लावून दात काळे. आवाज असा, की ह्या बांधावरून त्या बांधाला बोलल्यासारखा. वेटरला म्हणणार, "आरं बाबा, च्या हाय का न्हाई तुज्याकडं?" माझं चित्र तिथेच फाटलं.

हे माझं कारण. एवढंच. मला लाज वाटायची. इटलीतल्या ज्या लोकांना मी आयुष्यात पुन्हा भेटणार नव्हते, त्यांच्यासमोर.

आधी मी साधे उपाय केले. आक्कांनी आपणहून नको म्हणावं, म्हणजे माझ्यावर काही नाही. मी फोनवर म्हणाले, आक्का, तिथं फार पायऱ्या आहेत हो, डोंगरच चढायचा. म्हणाल्या, "मग काय झालं? जोतिबाला मी दर सालाला चालत जाते." म्हटलं, खायची आबाळ होते, मासेच मासे. "मासं मी खाते की! तुजे भाऊजी व्हते तवा कृष्णंचं मासं लय आनायचे." म्हटलं, थंडी असते. म्हणाल्या, "स्वेटर हाय." म्हटलं, विमानात दहा-दहा तास बसायचं. त्यावर मात्र थांबल्या. मला वाटलं, लागला बाण. तर हळूच म्हणाल्या, "शैला, तेजू लहान व्हती तवा रातभर मांडीवर घिऊन बसल्याली हाय मी. दहा तासाचं काय कवतिक?"

आता बोला!

पासपोर्टसाठी फोटो काढायला त्या एकट्या तासगावला गेल्या. फोटोवाल्यानं कान दिसायला पाहिजेत म्हणून पदर मागं घ्यायला लावला. लग्नानंतर परक्या पुरुषासमोर पहिल्यांदा आक्कांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला — हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं, लाजून आणि हसून. मी चारही वेळा "हं" म्हणाले.

मग व्हिसासाठी पुण्याला गेलो. मी, हे आणि आक्का. तिथं प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेतात, काचेवर हात ठेवायचा. माझे एका झटक्यात आले. शिक्षिकेचे हात, खडूशिवाय कशाला लागलेत? आक्कांचे येईनात. काउंटरवरच्या मुलीनं कागदानं बोटं पुसली, पुन्हा ठेवली. नाही. थोडा ओलसर कागद लावला, पुन्हा. नाही. आमच्याकडे द्राक्षांचे घड औषधात बुडवावे लागतात. बायका ते हातानंच करतात, सालोसाल. वर छाटणी, वर बेदाण्याचं काम. आक्कांच्या बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती. गावात रेशनच्या दुकानातलं मशीनसुद्धा त्यांचा अंगठा घेत नाही, मुलाला जावं लागतं. त्या तिथून वळून माझ्याकडे बघत होत्या आणि ओशाळं हसत होत्या. पाचव्या का सहाव्या खेपेला आले. मुलगी म्हणाली, "झालं, आजी." बाहेर आल्यावर आक्कांनी मला विचारलं, "खरंच आलं न्हवं? का त्या पोरीनं माजं मन राखलं?"

आले हो, असं मी म्हणाले. पण त्यांना खात्री नव्हती. ते मी बघून ठेवलं. आता विचारते स्वतःला — तेव्हाच ठरवलं होतं का मी? ठरवलं नसेल. बघून मात्र ठेवलं.

तीन आठवड्यांनी दुपारी कुरिअर आलं. हे बाहेर गेले होते. तिन्ही पासपोर्ट एकत्र आमच्या पत्त्यावर आले. उघडून बघितले. ह्यांचा झाला होता. माझा झाला होता. आणि आक्कांचा — तोही झाला होता. पान भरून चिकटवलेला व्हिसा, त्यावर कान दाखवणाऱ्या आक्का.

मी तो पासपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली सारला. मग बसून फोन लावला.

म्हटलं, आक्का, तुमचं नाही झालं. ठसे उमटले नाहीत म्हणे. पासपोर्ट राहू दे माझ्याकडेच, पुढच्या खेपेला लागेल.

आता तुम्हाला कळलं ना? जगात शंभर कारणं सापडली असती. मी त्यांचे हात निवडले. ज्या हातांनी माझी मुलगी वाढवली तेच. का? तर ते खोटं त्यांना लगेच पटणार होतं. त्या विचारायला जाणार नव्हत्या, नकाराचा कागद मुलाला दाखव, असं म्हणणार नव्हत्या — कारण त्यांना आधीपासूनच वाटत होतं, की आपल्या हातातच काहीतरी कमी आहे. तीस वर्षं मी परीक्षेत मुलांच्या कॉप्या पकडल्या. लबाडी कशी बेमालूम करायची, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता, बागेत असाव्यात. म्हणाल्या, "व्हय का... मला वाटलंच व्हतं गं. रेशनवर बी घेत न्हाई ते." आणि लगेच, "तुमी जावा. माज्यापायी थांबू नगा. पोरीला वाईट वाटू दिऊ नगंस."

ह्यांना मी तेच सांगितलं. ह्यांना कागदपत्रांचा कंटाळा, त्यांनी "अरेरे" म्हणून पेपर वर केला. तेजू मात्र चिडली. ठशांवरून कुणी नाकारतं का, मी वकिलातीला लिहिते, म्हणाली. मी म्हणाले, लिहू नकोस बाळा, मोठ्याईला फार लागलंय, अपमान वाटलाय, तू विषयसुद्धा काढू नकोस तिच्यापाशी. आणि आक्कांना म्हणाले, तेजूशी बोलताना हे काढू नका, ती रडते. झालं! दोघींनी एकमेकींच्या मायेपोटी तोंडं मिटली, आणि मी मोकळी झाले. किती सोपं असतं हो प्रेमळ माणसांना फसवणं.

गेलो आम्ही. सप्टेंबर होता. गाव सुंदर होतं — नव्हतं असं म्हणत नाही. पहिल्याच सकाळी मी बंदरावर टोपी घालून कॉफी घेऊन बसले. सगळं अगदी माझ्या वहीतल्यासारखं. तेजू समोर बसली होती, आणि दर थोड्या वेळानं रिकाम्या चौथ्या खुर्चीकडे बघत होती. मी टोपी जरा पुढे ओढली.

तिसऱ्या दिवशी डोंगरावरच्या बागांकडे चढलो. तोडणी चालू होती. बायका होत्या — म्हाताऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, उन्हानं रापलेल्या, ह्या टोकाकडून त्या टोकाला ओरडून बोलणाऱ्या. त्यांना लाज वाटत नव्हती, आणि त्यांची कुणाला लाज वाटत नव्हती. एकीनं तेजूला द्राक्षांचा घड दिला. तेजूनं घड घेतला नाही, आधी तिचा हातच धरला आणि उलटा करून बघितला. "आई, मोठ्याईचाच हात बघ," म्हणाली. मग मला विचारलं, हे लोक छाटणी कधी घेत असतील गं? मोठ्याईनं बघून सांगितलं असतं. मला काय ठाऊक? भूमध्य सागरी हवामान, उन्हाळे कोरडे, हिवाळ्यात पाऊस, फळे — द्राक्षे, ऑलिव्ह. एवढं फळ्यावर लिहून देत होते मी. वेल समोर उभा होता आणि माझ्याकडे त्याच्याबद्दल एक वाक्य नव्हतं.

आणि बस न जाणाऱ्या त्या गावात चौथ्या दिवशी कोण भेटावं? कराडचं एक कुटुंब! बाईनं आपलेपणानं डबा पुढे केला, शंकरपाळ्यांचा. मी तिच्याशी इंग्रजीत बोलले. हे मात्र भिंतीवर बसून त्यांच्याबरोबर शंकरपाळे खात होते, उसाच्या गप्पा मारत होते. तेजू माझ्याकडे बघत होती. उरलेले चार दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली — भूक लागली का, पाय दुखतात का, एवढंच.

परत आल्यावर गावी जाऊन आक्कांना फोटो दाखवले. मांडी घालून बसल्या, एकेक फोटो बोटानं सरकवून बघितला. फोननं त्यांचं बोट लगेच ओळखलं नाही, दोन-दोनदा सरकवावं लागलं. "लय मोठा हाय गं समुद्र," म्हणाल्या. घड देणाऱ्या त्या म्हातारीच्या फोटोवर थांबल्या, वेल निरखला. "ह्यांनी खोडं लय खाली ठिवल्यात. वारं असंल तितं." मी मान डोलावली. मला वाटलं, संपलं.

कुठलं संपतंय? संक्रांतीला गेले तर आक्का बागेत पिवळे रबरी हातमोजे घालून काम करत होत्या. बाकीच्या बायका हसत होत्या — "आक्का डाक्तरीन झाली!" आक्काही हसत होत्या. दुपारी ओसरीवर बसून वाटीतलं तूप एकेका बोटाला चोळत होत्या. मी विचारलं, हे काय हो? म्हणाल्या, "बोटं राखाय लागल्ये. शेडवर तपासाय आल्याल्या डाक्तरीन पोरीनं सांगितलं, काम बंद केलं तर रेघा परत येत्यात म्हून. पुढच्या खेपंला उमटाय पायजेत न्हवं?"

ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. कपाटात पासपोर्ट होता, व्हिसाची मुदत तेव्हाच टळून गेली होती, तरी सांगता आलं असतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, तूप चांगलं असतं कातडीला.

दोन वर्षं झाली त्याला. औषधात घड बुडवायचं काम आक्कांनी सोडलं. भांडी मोजे घालून घासतात. भाकरी मात्र मोजे घालून थापता येत नाही, म्हणून आता सून थापते आणि आक्का बाजूला बसून असतात — ज्या बाईनं उभ्या जन्मात कधी कुणाला चुलीपुढे बसू दिलं नाही ती.

गेल्या आठवड्यात तेजूचा फोन आला. म्हणाली, ह्या सप्टेंबरला पुन्हा करू या, तेच गाव चालेल, आणि मोठ्याईचं पुन्हा एकदा बघू या. प्लीज आई, तू तिला विचार.

रविवारी मी गावी गेले. मी काही विचारायच्या आतच आक्कांनी आतून एक कागद आणला. लग्नाच्या पत्रिकेची मागची कोरी बाजू. डेअरीतलं शाईचं पॅड मागून आणून त्यांनी दहाही बोटं त्यावर उठवली होती, नीट एका ओळीत. माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "बघ गं. तू शिकल्याली हाईस. उमटतंय का आता?"

मी चष्मा लावला. नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात ना, एकीत एक गेलेल्या — तशा रेषा होत्या. दहाच्या दहा. एकही तुटलेली नव्हती. तीस वर्षं नकाशे वाचणाऱ्या बाईला कळू नये असं त्यात काही नव्हतं.

आणि मला ते टेबल दिसलं, ती कॉफी, आणि शेजारच्या खुर्चीवर डोक्यावर पदर.

"अजून पुसट आहेत, आक्का," मी म्हणाले. "यंदा नाही व्हायचं."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः डोळ्यांजवळ नेऊन बघितला, आणि मान हलवली. मला जास्त कळतं, असं त्यांना वाटतं. "व्हय का," म्हणाल्या. "मग आनि वरीसभर राखीन की."

मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.